कापसाच्या मुलखातून थंडीच्या शहरात

खानदेशातली थंडी पहाटेची आणि रात्रीची असते. पारोळा, अमळनेर, धुळे या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, चौकाचौकांत शेकोट्या पेटतात, केळीच्या बागांना गारठ्याचा फटका बसतो. पण ऊन चढले की अंगातला स्वेटर खांद्यावर जातो आणि दुपारी पंखा लावावासा वाटतो. अशा हवेत वाढलेल्या माणसाच्या कपाटात गरम कपडे मोजकेच असतात: एक स्वेटर, एक जर्किन, घरातल्या वडीलधाऱ्यांची शाल आणि कानटोपी. एवढ्या भांडवलावर नाताळच्या सुट्टीत दिल्ली-सिमला करणारे, किंवा मुलगा-सून तिकडे असतात म्हणून लंडन-न्यूयॉर्क गाठणारे, निघण्यापूर्वी बहुधा एकच खरेदी करतात. बाजारात मिळेल तो सर्वांत जाड कपडा ते घेतात. तो कपडा रस्त्यावर कमी पडतो, दुकानात शिरल्यावर जास्त होतो आणि फोटोत तर गादी गुंडाळल्यासारखा दिसतो.

अंगातली उष्णता चार वाटांनी बाहेर पडते. थंड बाकावर टेकले की ती थेट बाकात उतरते. वारा अंगालगतची कोमट हवा हाकलून देतो. उघड्या त्वचेतून ती किरणांच्या रूपाने निघून जाते आणि घाम वाळताना तोही अंगातली उष्णता घेऊन जातो. कपडा स्वतः उष्णता तयार करत नाही. या वाटा अडवणे एवढेच त्याचे काम. त्यासाठी त्याच्याजवळ सर्वांत मोठे साधन असते ते म्हणजे तंतूंच्या जाळ्यात अडकलेली निश्चल हवा. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश सरकते, पाण्यातून ती त्याच्या चोवीस-पंचवीस पट सहजतेने जाते. कोरडा कपडा ऊब देतो आणि तोच ओला झाला की हुडहुडी भरवतो, ते यामुळे.

खानदेशातल्या गोधडीत हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले आहे. जुन्या लुगड्यांचे पातळ थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवले की दोन थरांमध्ये हवा कोंडली जाते. तेवढ्याच वजनाचे एकच जाड कापड पांघरले तर तितकी ऊब मिळत नाही. थंडीच्या शहरात घालायचे कपडेही याच हिशेबाने निवडावे लागतात. गोधडीला नसलेली एक सोय मात्र कपड्यांना असते: त्यांचे थर एकेक करून उतरवता येतात.

ही सोय फार महत्त्वाची, कारण शहर पाहायला निघालेला माणूस दिवसभर एकसारखा वागत नाही. कपड्यांची ऊब मोजण्यासाठी १९४१ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ‘क्लो’ हे एकक सुचवले. २१ अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला जेवढे कपडे पुरेसे वाटतात, म्हणजे साधारण एक पुरुषी सूट, तेवढी ऊब १ क्लो धरली गेली. या व्याख्येतला ‘स्वस्थ बसलेला’ हा शब्द विसरता येत नाही. भरभर चालणाऱ्या माणसाचे शरीर बसलेल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट उष्णता निर्माण करते. सिमल्यात लोअर बाजारातून पायऱ्या चढून मॉल रोडवर पोचेपर्यंत ज्याला घाम फुटतो, तोच रिजवरच्या बाकावर दहा मिनिटे बसला की कुडकुडू लागतो. कपडे तेच, हवा तीच. बदललेले असते ते शरीराचे काम.

थंडीही सगळीकडे एका जातीची नसते. दिल्लीत जानेवारीतले किमान तापमान सरासरीने ७ अंशांच्या आसपास असते आणि कमाल २० च्या घरात. मात्र धुके दाटले की दुपारीही पारा वर सरकत नाही. सिमला सुमारे २,२०० मीटर उंचीवर असल्याने तिथे जानेवारीच्या रात्री पारा शून्याच्या जवळ घुटमळतो आणि बर्फ पडला तर रस्ते निसरडे होतात. लंडन-पॅरिसची थंडी आकड्यांत फार भयंकर दिसत नाही, साधारण ३ ते ८ अंश. पण आभाळ भरलेले, वारा चालू आणि पाऊस केव्हाही. न्यूयॉर्कमध्ये रात्री पारा शून्याच्या खाली जातो आणि उंच इमारतींच्या गल्ल्यांतून येणारा वारा चेहरा सोलून काढतो.

वाऱ्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी मोजण्याचे पहिले प्रयोग अंटार्क्टिकावर पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी केले आणि ते १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. आज अमेरिका व कॅनडात वापरले जाणारे सूत्र २००१ मधले आहे. त्या सूत्रानुसार हवा ५ अंशांवर असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा वाहत असेल, तर उघड्या त्वचेला थंडी शून्य अंशाची वाटते. हातांनी विणलेल्या, मोठ्या टाक्यांच्या लोकरी स्वेटरमधून असा वारा आरपार जातो. स्वेटर कितीही जाड असला तरी त्यावर वारा अडवणारे पातळ, घट्ट विणीचे काही नसेल तर त्याची निम्मी मेहनत वाया जाते.

आणखी एक फरक पर्यटकांच्या फारसा लक्षात येत नाही. युरोप-अमेरिकेत बाहेर शून्य अंश असले तरी घर, दुकान, संग्रहालय, भुयारी रेल्वे यांच्या आत विशीच्या आसपास तापमान राखलेले असते. तिथे माणूस दिवसातून अनेकदा थंडीतून उबेत आणि उबेतून थंडीत जातो. दिल्लीत आणि सिमल्यातल्या साध्या हॉटेलांत असे नसते. तिथली घरे उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली किंवा जुनी. खोलीत एखादा हीटर, बाकी फरशी आणि भिंती बाहेरच्या इतक्याच गार. दिल्लीच्या नातेवाइकांकडे उतरलेला खानदेशी पाहुणा रस्त्यापेक्षा दिवाणखान्यात जास्त गारठतो, हा अनेकांचा अनुभव आहे. त्यामुळे परदेशातल्या शहरासाठी झटकन काढता येईल असा भारी कोट आणि आत हलके कपडे ठीक पडतात. उत्तर भारतासाठी उलट, आतले थर चांगले हवेत आणि घरात घालायलाही लोकरीचे मोजे व शाल हवी.

कापूस कुठे चालतो, कुठे नाही

पारोळ्याच्या आसपासचा मुलूख कापसाचा. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल या गिरण्या याच पिकाच्या जिवावर उभ्या राहिल्या. सुती कपड्यावर इथल्या माणसाचा विश्वास आहे तो ४४ अंशांच्या उन्हाळ्याने शिकवलेला, आणि उन्हाळ्यापुरता तो शंभर टक्के खरा आहे. सुताचा तंतू घाम शोषतो, तो सावकाश वाळतो आणि वाळताना अंग थंड करतो. मे महिन्यात वरदान ठरणारा हाच गुण जानेवारीतल्या सिमल्यात घातक ठरतो. चढ चढताना बनियन घामाने भिजते, तंतूंमधल्या हवेची जागा पाणी घेते आणि माणूस थांबला की ते ओले बनियन पाठीला बर्फासारखे लागते. म्हणून अंगाला चिकटून असणारा पहिला थर सुती नसावा, एवढा एक नियम पाळला तरी अर्धी थंडी कमी होते. वरच्या थरांत सूत चालते: कॉर्डरॉयची पँट, जाड सुती सदरा, आत अस्तर असलेले सुती जाकीट. जीन्सबद्दल मात्र एक सावधगिरी हवी. कोरड्या दिल्लीत आत थर्मल घातले की जीन्स चालून जाते. बर्फात किंवा लंडनच्या पावसात ती एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही.

लोकरीचा तंतू वेगळ्या घडणीचा. तो नागमोडी असल्याने दाबला तरी फुगून परत येतो आणि आपल्यात हवा धरून ठेवतो. स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प त्याने शोषले तरी हाताला ओलसर लागत नाही. पॉलिस्टरचा गुण उलटा. तो पाणी जवळजवळ शोषतच नाही, घाम बाहेरच्या बाजूला सरकवतो आणि लवकर वाळतो, स्वस्तही पडतो. त्याचा दोष असा की दोन दिवसांत त्याला घामाचा वास धरतो. पाच-सहा दिवसांच्या सहलीत रोज धुणे शक्य नसते, तेव्हा हा दोष किरकोळ राहत नाही. लोकर मात्र रात्री वाऱ्यावर पसरली तरी सकाळी पुन्हा घालता येते.

लोकर म्हटली की खानदेशात घोंगडी डोळ्यांपुढे येते. धुळे जिल्ह्यातल्या ठेलारी मेंढपाळांच्या कळपांतली दख्खनी मेंढी जाड, राठ लोकर देते. घोंगडी पाऊस-वाऱ्यात मेंढपाळाचे घर होते, पण तिची लोकर अंगाला टोचते. टोचण्याचे कारण तंतूच्या जाडीत आहे. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोके त्वचेला बोचतात; मेरिनो मेंढीचे तंतू बहुधा १७ ते २२ मायक्रॉनचे आणि लडाखच्या चांगथांगी बकरीची पश्मिना त्याहून बारीक, १२ ते १६ मायक्रॉनची. ‘मला लोकर सोसत नाही’ असे म्हणणाऱ्या पुष्कळांना खरे तर जाड लोकर सोसत नसते. मेरिनोचे पातळ थर्मल महाग असते, पण एका सहलीपुरते नव्हे, दहा वर्षांसाठी घ्यायचे म्हटले तर ती किंमत जड वाटू नये.

लोकरी कापडाचा एक मोठा कारखाना खानदेशातच आहे, हे इथल्याही अनेकांना ठाऊक नसते. रेमंड कंपनीने १९७९ मध्ये जळगावला वर्स्टेड कापडाची गिरणी काढली. वर्स्टेड म्हणजे लांब तंतू विंचरून, समांतर लावून काढलेल्या सुताचे गुळगुळीत कापड. सूट, पँट, बंदगळा यांची रेषा त्यात सुंदर येते. मात्र ते फुगीर नसल्याने हवा कमी धरते. ट्वीडसारखे खरखरीत, केसाळ कापड त्यापेक्षा उबदार, पण दिसायला जाडेभरडे. थंडीच्या शहरात नेटके दिसायचे असेल तर पँट वर्स्टेडची आणि जाकीट ट्वीडचे, अशी जोडी उत्तम जमते.

थर लावायचे कसे

पहिला थर अंगाला घट्ट बसणारा, पण काचणारा नाही. सैल थर्मलच्या आत गार हवा खेळते आणि वरच्या पँटला वळ्या पडतात. गळा खोल असलेले थर्मल घेतले तर ते शर्टाच्या गळ्यातून डोकावत नाही. उत्तर भारतातल्या लग्नांत कोटाच्या गळ्यातून दिसणारे पांढरे थर्मल ज्यांनी पाहिले असेल त्यांना याचे महत्त्व सांगावे लागणार नाही. दुसरा थर ऊब धरणारा: लोकरीचा स्वेटर, कार्डिगन किंवा फ्लीस. हा थर लोकांपुढे येणार आहे, हे विसरून चालत नाही. संग्रहालयात, हॉटेलात, नातेवाइकांच्या घरी कोट उतरवला की दिसतो तो हाच. कोट झकास आणि आत विटलेला, गोळे आलेला स्वेटर असेल तर कोट घातल्याचा काही उपयोग झाला नाही.

मराठी पुरुषांसाठी या दुसऱ्या थरात एक देखणा पर्याय आयता उपलब्ध आहे: लोकरी कापडाचे, बिनबाह्यांचे जाकीट. छाती-पोटाची ऊब ते राखते, हात मोकळे ठेवते, कोटाच्या आत गर्दी करत नाही आणि झब्ब्यावर, शर्टावर, स्वेटरवर सारखेच शोभते. कुठलाही चांगला शिंपी ते शिवू शकतो.

तिसरा थर वारा आणि पाऊस अडवणारा. इथे दोन घराणी आहेत. एक लोकरी ओव्हरकोटाचे, दुसरे फुगीर जाकिटाचे. ओव्हरकोट मांडीच्या मध्यापासून गुडघ्यापर्यंत लांब असला की मांड्यांना वारा लागत नाही, आणि शहरात तो कुठेही शोभतो. पण तो वजनदार असतो आणि पावसात भिजून आणखी जड होतो. पावसाच्या शहरासाठी गॅबर्डीनचा ट्रेंच कोट बरा. हे घट्ट विणीचे कापड टॉमस बर्बेरी याने १८७९ मध्ये काढले, आणि पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याचे कोट वापरले. आत काढता येणारे अस्तर असेल तर तो थंडीतही पुरतो. फुगीर जाकिटात बदक-हंसांच्या पोटाखालची मऊ पिसे किंवा कृत्रिम तंतू भरलेले असतात. अमेरिकेत एडी बाऊअर याने १९३६ मध्ये असे शिवणीचे कप्पे पाडलेले पिसांचे जाकीट बनवले आणि १९४० मध्ये त्याचे पेटंट घेतले. वजनाच्या मानाने पिसांइतकी ऊब दुसरे काही देत नाही आणि जाकीट दाबून उशीएवढ्या पिशवीत बसते. मात्र पिसे भिजली की लगदा होतात. ओल्या शहरासाठी कृत्रिम भरणच घ्यावे. फुगीर जाकीट अंगाला रुंद करते ही तक्रार खरी आहे. शिवणी जवळजवळ असलेले, कमरेला किंचित आत घेतलेले आणि बारीक भरणाचे जाकीट निवडले तर ती बरीचशी टळते.

कोट घेताना आतल्या सर्व थरांनिशी घालून पाहावा, हात पुढे करून आणि वर उचलून. जळगाव-धुळ्याच्या दुकानात नुसत्या शर्टावर बरोबर बसलेला कोट सिमल्यात स्वेटरवर बसत नाही. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यावी. बाह्यांची लांबी गावचा शिंपी कमी-जास्त करून देईल, पण खांदे कुणाला सुधारता येत नाहीत.

साडी, बूट आणि आनंदीबाई

साडी नेसून थंडीच्या शहरात वावरता येईल का, हा प्रश्न आज विचारला जातो तो बहुधा आई-आजीसाठी. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी तो एका अठरा वर्षांच्या मुलीने स्वतःसाठी सोडवला होता. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. तिथून पुढे फिलाडेल्फियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरला दिलेल्या भाषणात आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि आपल्या चालीरीती, पोशाख, आहार सोडणार नाही, असे त्यांनी जाहीर केले होते. अडचण होती ती नऊवारीची. काष्टा घातलेल्या लुगड्यात पोटऱ्या आणि घोटे उघडे राहतात. पुण्या-कल्याणच्या हवेत त्याचे काही वाटत नाही, फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात ते सोसणे शक्य नव्हते. त्यांनी पाश्चात्य झगा घातला नाही. गुजराती पद्धतीची, पाय झाकणारी साडी नेसून त्यांनी आपला शब्द आणि आपली पावले दोन्ही सांभाळली. ऑक्टोबर १८८५ मध्ये जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली यांच्यासोबत काढलेल्या त्यांच्या प्रसिद्ध छायाचित्रात तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. थंडी, परका आहार आणि अभ्यासाचा ताण यांत त्यांची प्रकृती मात्र ढासळत गेली. मार्च १८८६ मध्ये पदवी घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले.

आनंदीबाईंनी काढलेली तोड आजही उपयोगी आहे: पेहराव तोच, मांडणी वेगळी. पाचवारीच्या आत परकराऐवजी किंवा परकराखाली लोकरी लेगिंग घातली की पाय उबदार राहतात आणि बाहेरून काही दिसत नाही. पोलके पूर्ण बाह्यांचे, बंद गळ्याचे, जाड कापडाचे शिवावे. आत पातळ थर्मल येईल इतकी माया ठेवून. कोपरापर्यंत बाह्यांच्या पोलक्यावर स्वेटर चढवण्यापेक्षा हे कितीतरी सुबक दिसते. साडी रेशमी किंवा लोकर मिसळलेली असावी. सुती साडी गारठते आणि जॉर्जेट वाऱ्याने उडते. साडीवर लांब, समोरून उघडा कोट किंवा शाल शोभते. कमरेपर्यंतचे आखूड जाकीट साडीला मधोमध कापते. निऱ्या नेहमीपेक्षा दोन बोटे वर घ्याव्यात, नाहीतर ओल्या पदपथावरचे पाणी काठ टिपून घेतो. आणि पायांत बूट. साडीखाली बूट विचित्र दिसतात, ही समजूत सोडून द्यायला हरकत नाही. काळे, साधे, घोट्यापर्यंतचे बूट निऱ्यांखाली दिसतही नाहीत. चपलेत लोकरी मोजे घालून बर्फावर चालणे मात्र घसरून पडण्याला आमंत्रण. सलवार-कमीज घालणाऱ्यांचे काम सोपे: लोकरी कुर्ता, आत थर्मल, वर लांब कोट, आणि ओढणीच्या जागी लोकरीची स्टोल.

बुटांबद्दल थोडे अधिक. पाय गारठतात ते बरेचदा तळव्यातून, थंड जमिनीला थेट लागून. म्हणून तळ जाड आणि खाचांचा हवा. दोन जोड मोजे कोंबून बूट घट्ट करणे ही नेहमीची चूक आहे. त्याने हवा दाबली जाते, रक्तप्रवाह अडतो आणि पाय आणखी गार पडतात. लोकरी मोज्यांचा एकच जोड आणि किंचित सैल बूट, हे पुरे. नवे बूट सहलीच्या आधी घरी आठवडाभर घालावेत.

डोके, कान, हात

शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, असे जे सांगितले जाते ते खरे नाही. डोके म्हणजे एकूण त्वचेचा जेमतेम दहावा भाग, आणि उष्णताही त्यातून साधारण तेवढीच जाते. तरी टोपी हवीच, कारण कान, कपाळ आणि मान यांना थंडी फार लवकर झोंबते. टोपीच्या बाबतीत एक न्याय करणे भाग आहे. घरोघरच्या ज्येष्ठांची माकडटोपी तरुण मंडळींनी वर्षानुवर्षे हसण्यावारी नेली. डोके, कान, मान आणि हनुवटी एकाच कपड्यात झाकणारी तिच्याइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही. २०२१-२२ च्या हिवाळ्यात युरोप-अमेरिकेतल्या फॅशनच्या दुनियेने तीच टोपी महागड्या लोकरीत विणून ‘नवीन’ म्हणून विकली. आजोबांनी आपली टोपी खुशाल न्यावी. फक्त ती तपकिरी कृत्रिम धाग्याची नसावी. गडद निळी किंवा राखाडी, मऊ लोकरीची घ्यावी.

मफलर हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त परिणाम करणारा दागिना आहे. कोट एकच असतो आणि तो प्रत्येक फोटोत असतो. मफलर रोज बदलता येतो. काळा, राखाडी, गडद निळा किंवा उंटाच्या रंगाचा कोट आणि त्यावर मोरपंखी, कुसुंबी किंवा हळदीच्या रंगाचा मफलर एवढ्यात पेहराव उभा राहतो. खानदेशी डोळ्याला भडक रंगांची भीती नसते, आणि ढगाळ, करड्या शहरात तर ते फारच छान दिसतात. फक्त भडक रंग एका वेळी एकच असावा. तसेच वर सैल असेल तर खाली नेटके, खाली घेरदार असेल तर वर आटोपशीर. दोन्हीकडे फुगारा आला की माणूस बुटका दिसतो.

हातमोज्यांत बोटे एकत्र ठेवणारे पंजे वेगवेगळ्या बोटांच्या मोज्यांपेक्षा उबदार असतात, कारण बोटे एकमेकांना ऊब देतात. मोबाइल वापरायचा तर मात्र पडद्याला चालणारे पातळ मोजे घ्यावे लागतात. नाहीतर प्रत्येक फोटोला मोजा काढायचा आणि तो कुठेतरी विसरायचा. कोरड्या थंडीत ओठ आणि टाचा फुटतात. खोबरेल साधारण २४-२५ अंशांखाली गोठते, म्हणून बाटलीतून निघत नाही. व्हॅसलीन किंवा तुपाची छोटी डबी न्यावी.

खरेदी, सामान आणि परतल्यानंतर

थंडी सुरू झाली की महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत तिबेटी विक्रेते स्वेटर-जर्किनची दुकाने थाटतात. त्यांचा बराच माल लुधियानाहून येतो आणि तो बहुतांशी अॅक्रिलिकचा असतो. अॅक्रिलिक हलके, रंगीत, धुवायला सोपे. पण लोकरीच्या भावाने घेऊ नये. आतली चिठ्ठी वाचावी. शुद्ध लोकरीची वुलमार्क ही खूण १९६४ पासून वापरात आहे. सगळी खरेदी गावातच उरकण्याची घाईही नको. आतले थर आणि बूट आधी घ्यावेत, कारण ते अंगाला जमावे लागतात. शाल, मफलर, टोपी तिकडे जास्त चांगली मिळते. सिमल्याच्या लक्कड बाजारात आणि दिल्लीच्या निरनिराळ्या राज्यांच्या एम्पोरियममध्ये कुल्लू आणि काश्मीरच्या शाली पाहायला मिळतात. काश्मिरी पश्मिनाला २००८ पासून भौगोलिक मानांकन आहे. ‘शाहतूश’ म्हणून कुणी काही दाखवले तर हात लावू नये. ती लोकर तिबेटी काळविटाला मारून काढतात आणि तिचा व्यापार देशात व देशाबाहेर बेकायदा आहे.

सामान भरताना कोट आणि बूट बॅगेत ठेवू नयेत, अंगावर घालावेत. देशांतर्गत विमानात सोबतच्या बॅगेला बहुधा ७ आणि ताब्यात द्यायच्या बॅगेला १५ किलोची मर्यादा असते. एक ओव्हरकोट त्यातले बरेच वजन खातो. अर्थात पारोळ्याहून भर दुपारी जळगावच्या एसटीत बसताना ओव्हरकोट घालणे म्हणजे लोकांना तमाशा दाखवणे. तो हातावर घ्यावा. भुसावळहून पंजाब मेल पकडणाऱ्यांना उत्तरेकडे जाताना रात्रीच तो लागेल. पाच दिवसांसाठी दोन थर्मल, दोन स्वेटर, दोन पँट, एक कोट, तीन जोड मोजे, दोन मफलर एवढ्यात एका माणसाचे भागते, आणि सगळे एकमेकांवर जुळणाऱ्या रंगांचे असेल तर कुणाला कपडे परत घातल्याचे कळतही नाही.

परत आल्यावर हे कपडे तसेच ट्रंकेत टाकण्याची चूक करू नये. कसर लागते ती मुख्यतः घामाचे आणि खाण्याचे डाग राहिलेल्या लोकरीला. स्वेटर थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवावा, पिळू नये, दोरीवर न टांगता सावलीत आडवा पसरून वाळवावा. कोट एकदा ड्रायक्लीन करून घ्यावा. पिसांचे जाकीट दाबून ठेवले तर पिसांचा फुगीरपणा जातो, म्हणून ते मोकळे टांगावे. लोकरीत वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या ठेवाव्यात. डांबरगोळ्या कापडाला थेट लागू देऊ नयेत. पावसाळा संपल्यावर दसऱ्याच्या सुमारास एकदा सगळे बाहेर काढून उन्हात वारा द्यावा.